प्रश्न कोणी विचारायचा?

तळोदे तालुक्यातल्या रांजणीच्या गुलाम महाराजांनी 1930 च्या दशकात आपल्या माणसांना एक साधी गोष्ट करायला लावली. दर सोमवारी आंघोळ करायची, धुतलेले कपडे घालायचे, एकत्र जमायचं, आरती करायची आणि दारू, चोरी, मारामारी सोडल्याचं चारचौघांत कबूल करायचं. भेटेल त्याला ‘आप की जय’ म्हणायचं. समोरचा सालदार असो की पाटील, त्याला ‘आप’च म्हणायचं, आणि आपल्या बायकापोरांनाही. रांजणी आणि मोरवडच्या या आरतीला सातपुड्याच्या दोन्ही अंगांनी हजारो भिल्ल पायी येऊ लागले. महाराज स्वतः भिल्ल होते. त्यांच्यामागे मठ नव्हता, छापखाना नव्हता, कुठलीही संस्था नव्हती.

मी याच भागात आश्रमशाळेत शिकवण्यात आयुष्य घालवलं. निवृत्तीनंतर वसतिगृहातल्या मुलींबरोबर आणि बचत गटाच्या बायकांबरोबर बसते. समुपदेशनाच्या प्रशिक्षणात आम्हाला प्रश्नांचा एक कागद मिळतो. आज राग कधी आला? त्याच्या आधी काय घडलं होतं? तेव्हा मी काय केलं? असं मी पुन्हापुन्हा करते का? त्यातून मला काय मिळतं? प्रश्न चांगले आहेत, मी ते मनापासून वापरते. मात्र ते आमच्याकडे असे येतात, जणू या डोंगरातल्या माणसांनी स्वतःच्या मनाकडे आणि सवयींकडे आजवर कधी वळून पाहिलंच नव्हतं. हे मला मान्य नाही. या नंदुरबार जिल्ह्यात स्वतःला विचारण्याचा इतिहास आहे, आणि तो दारूच्या इतिहासात गुंतलेला आहे. म्हणून तो तिथूनच सांगावा लागतो.

इथल्या माणसाच्या सवयींबद्दल सर्वांत आधी प्रश्न विचारले ते दुसऱ्यांनी. 1880 साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशाचा खंड निघाला. भिल्लाला दारूची आवड आहे, त्याच्या हातात पैसा टिकत नाही, तो उद्याचा विचार करत नाही, अशा तऱ्हेचं वर्णन त्या काळच्या सरकारी कागदांत जागोजाग सापडतं. कलेक्टर विचारी, हा का पितो? सावकार विचारी, हा कर्ज का फेडत नाही? पुढे सुधारक आले, तेही विचारू लागले, हा सुधारत का नाही? या साऱ्यांचा प्रश्न भिल्लाविषयी होता, भिल्लाला नव्हता. उत्तर आधीच ठरलेलं होतं: जातच तशी.

आणि हे लिहिलं जात होतं त्याच्या दोनच वर्षं आधी, 1878 मध्ये, मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला होता. घरी दारू गाळणं गुन्हा ठरलं. दारू ठरावीक भट्टीत गाळायची, ठेकेदाराच्या दुकानात विकायची आणि त्यातून सरकारनं महसूल घ्यायचा, अशी ती व्यवस्था होती. दक्षिण गुजरातेत आणि त्याला लागलेल्या आमच्या पश्चिम भागात हे ठेके बहुतेक पारशी दुकानदारांकडे गेले. दुकानदार उधारीवर दारू देई आणि उधारी जमिनीवर चढे. ज्या सवयीबद्दल सरकार माणसाला नावं ठेवत होतं, तीच सवय सरकारची तिजोरी भरत होती. हे वाचलं की मला आजही संताप येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

मोहाचं झाड ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना घरच्या आणि दुकानातल्या दारूतला फरक कळायचा नाही. फाल्गुन-चैत्रात पहाटे फुलं गळतात. बायका-पोरं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली जातात, कारण ऊन चढलं की जनावरं फुलं खाऊन टाकतात. फुलं वाळवून ठेवली की वर्षभर उपयोगी पडतात. ती शिजवून खातात, बाजारात विकतात आणि त्यांची दारूही गाळतात. ही दारू आधी देवाची. धरणीवर धार पाडल्याशिवाय ती ओठाला लावायची नाही. महाशिवरात्रीला अक्कलकुव्याच्या पलीकडे, गुजरात हद्दीतल्या देवमोगऱ्याच्या याहा मोगी देवीला लाखो माणसं जातात, तेव्हा धान्याबरोबर मोहाची दारूही वाहतात. जन्म, लग्न, मरण, नवं धान्य, पंचांचा निवाडा, या सगळ्यांत ती असे. याचा अर्थ तेव्हा कोणी वाहवत जात नसे असा नाही. पण पिण्याला निमित्त लागे आणि सोबत लागे. दुकान आलं तसं निमित्त गेलं आणि सोबतही गेली. पैसा हातात आला की प्यायची, नसेल तर उधारीवर प्यायची, वार कुठलाही चाले, एकट्यानं चाले. सवय तीच राहिली असं वरून दिसतं, आतून ती पार बदलली.

स्वतःला आवर घालण्याची आमची जुनी रीतही इथेच सांगायला हवी. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला आता बाहेरून पुष्कळ माणसं येतात. मोरपिसांचे टोप, कमरेला बांधलेले भोपळे आणि घुंगरं, अंगावर राखेचे ठिपके, यांचे फोटो दरवर्षी छापून येतात. फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे पाळणी. ज्यांनी नवस बोललेला असतो ते होळीच्या आधी काही दिवस व्रत पाळतात. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर निजायचं, पायात काही घालायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं, आपलं जेवण आपण करायचं. होळी पहाटे पेटते, त्यानंतरच व्रत सुटतं. मी पाळणी केलेल्या माणसांशी बोलले आहे. त्यातला एक जण म्हणाला, “मॅडम, चार दिवस खाट सोडली तेव्हा कळलं, दिवसात किती वेळा मी उगाच खाटेवर जाऊन पडतो.” सवय दिसायची असेल तर ती थोडे दिवस थांबवून पाहावी लागते. हे त्याला कुठल्याही पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

1922 साली मात्र वेगळंच घडलं. पालघरच्या किनाऱ्यावर कोळी वस्त्यांत देवीला शांत करण्याचे विधी चालू होते. तिथून ती देवी अंगात येत येत जव्हार, धरमपूर, डांग, बागलाण असा डोंगर चढत सुरत जिल्ह्यात आणि खानदेशात शिरली. लोक तिला सलाबाई म्हणत. मांडवात बसलेली माणसं हातात लाल फडकं धरीत, डोकं घुमवीत, आणि फडक्यावर लिहिलेलं वाचावं तसा देवीचा हुकूम सांगत. दारू-ताडी सोडा. मांस-मासळी सोडा. पुरुषांनी दिवसातून दोनदा, बायकांनी तीनदा आंघोळ करा. पारशी दुकानदाराशी कसलाही व्यवहार ठेवू नका. नोव्हेंबर 1922 पर्यंत सुरतेकडे या सभांना हजारोंची गर्दी होत होती, दारूची दुकानं ओस पडत होती. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर 1987 साली इंग्रजीत सबंध पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवून दिलं की हे कोणा बाहेरच्या पुढाऱ्याचं काम नव्हतं, आदिवासींनी आपलं आपण चालवलेलं होतं. गांधीजींचं नाव त्यात नंतर मिसळलं.

मला या देवीच्या हुकमांमधला शेवटचा हुकूम फार महत्त्वाचा वाटतो. दारू सोड, एवढंच ती सांगत नाही. दारू विकणाऱ्याशी संबंधही तोड, असं सांगते. सवय माझी आहे, पण ती माझ्या एकट्याची नाही, ही जाण त्या हुकमात आहे. तरी तो हुकूमच होता. देवी आली, बोलली, पुढच्या गावाला गेली. वर्ष-दोन वर्षांत पुष्कळ जण पुन्हा प्यायला लागले. देवीनं प्रश्न विचारला नव्हता, त्यामुळे ती गेल्यावर माणसाजवळ विचारायला काही उरलं नाही, असं मला वाटतं.

गुलाम महाराजांचं वेगळेपण मला इथे दिसतं. त्यांचा सोमवार दर आठवड्याला येई. मागच्या सोमवारी सगळ्यांदेखत कबूल केलेलं या सोमवारी त्याच माणसांपुढे घेऊन जावं लागे. मधल्या सहा दिवसांत पाय घसरला असेल तर आरतीला उभं राहताना तो आठवणारच. महाराजांनी प्रश्नावली काढली नव्हती, पण दर आठ दिवसांनी माणूस स्वतःला सापडेल अशी जागा त्यांनी तयार केली. आणि ‘आप’ म्हणण्याच्या रिवाजानं आणखी एक काम केलं. ज्याला जन्मभर ‘अरे भिलट्या’ म्हणून हाक मारलेली असते, त्याला स्वतःला काही विचारायचं म्हटलं तर तो कोणत्या आवाजात विचारणार? जगानं त्याला ज्या आवाजात हाक मारली त्याच. आधी मान मिळाला, मग प्रश्न आला, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. माझ्या वर्गातल्या ज्या मुलींना घरी-दारी फक्त रागावूनच बोललं गेलं, त्यांच्या वहीत ‘मी असं का केलं?’ हा प्रश्नसुद्धा शिवीसारखा उतरलेला मी पाहिला आहे.

त्याच सुमारास, 1935 साली, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्यांतली चौथी पायरी स्वतःची नीट झडती घेण्याची आहे, पाचवी ती दुसऱ्या माणसापुढे बोलून दाखवण्याची. पुण्यात 1986 मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथेही गटात बसून बोलण्याला मोठी जागा मिळाली. ॲक्रन आणि मोरवड यांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. दोघांनाही एकच गोष्ट उमगली, की व्यसनी माणसानं स्वतःची चौकशी एकट्यानं करू नये.

1938 साली गुलाम महाराज वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी हा ‘आप’चा पंथ, आप धर्म, पुढे चालवला, आणि इतके लोक जमवणाऱ्या माणसाची सरकारला धास्ती वाटून त्यांना हद्दपारीही सोसावी लागली. परिवार आजही आहे, आरती आजही होते. या पंथावर आक्षेप घेणारे आदिवासी तरुण मला भेटतात. मांस सोडा, दारूची धार सोडा, आरती करा, हे म्हणजे आपलं सोडून दुसऱ्यांचं घेणं झालं, असं ते म्हणतात. हा आक्षेप खरा आहे. देवाची धार आणि दुकानातली उधारी यांत भेद न करता दोन्ही एकदम टाकून दिल्या गेल्या, याचं दुःख मलाही आहे. पण ज्या माणसाची जमीन दारूच्या उधारीत जात होती त्याला हा भेद करत बसायला सवड नव्हती, हेही विसरता येत नाही.

गुलाम महाराजांच्याच काळात जिल्ह्याच्या ठिकाणी आणखी काही घडत होतं, ते थोडक्यात सांगते. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हता. तो 1 जुलै 1998 ला झाला. आमची सगळी गावं पश्चिम खानदेशात होती आणि कचेरी, कोर्ट, तुरुंग सारं धुळ्याला. त्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ‘गीता प्रवचने’ घरोघर पोहोचली. मनाला तपासून पाहण्याची ती मोठी शाळा होती, मीही तिच्यात शिकले. पण एकाच जिल्ह्यात, एकाच दशकात, एक रविवार कागदावर उतरला आणि एक सोमवार फक्त माणसांच्या तोंडी राहिला. आपण पहिल्याला चिंतन म्हणतो आणि दुसऱ्याला नुसती दारूबंदी. दोन्हीकडे माणसं स्वतःलाच तपासत होती.

पुढचा टप्पा शहाद्याचा. साठीच्या दशकात तापीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी आलं, ऊस-केळी आली, आणि ज्यांच्या त्या जमिनी होत्या ते आदिवासी सालदार होऊन बसले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं, आगाऊ घेतलेले पैसे फिटायचे नाहीत, पुढच्या आखाजीला पुन्हा तेच. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती भजनं म्हणत गावोगाव फिरत, म्हणून लोक त्यांनाही महाराज म्हणत. 1971 च्या मे महिन्यात पाटीलवाडीत गोळीबार झाला आणि सगळा तालुका हलला. 30 जानेवारी 1972 ला शहाद्यात भूमुक्ती परिषद झाली. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. बाहेरून शिकलेले तरुण आले, गावातले तरुण पुढे झाले, गहाण आणि बळकावलेल्या जमिनी सुटू लागल्या. अंबरसिंग 1974 सालीच गेले, ऐन उमेदीत.

या संघटनेनं शिबिरं घेतली, आणि बायकांची शिबिरं मला इतिहासातली मोठी गोष्ट वाटते. तिथे जमीन आणि मजुरीवर बोलायचं ठरलेलं असे. बायका बसल्या, बोलायला लागल्या, आणि बोलणं नवऱ्याच्या दारूवर आणि मारावर गेलं. प्रत्येकीला वाटत होतं की हे माझ्याच घरात आहे, माझंच नशीब, माझंच काही चुकतं. एकीनं सांगितलं तशी दुसरी बोलली. मग त्या उठल्या, गावातल्या दारूच्या अड्ड्यावर गेल्या आणि मडकी फोडली. मारकुट्या नवऱ्यांना गावासमोर जाब विचारला. हे लोण तालुकाभर पसरलं. जर्मन अभ्यासक मारिया मीस आणि धुळे-सांगलीकडे वावरलेल्या गेल ऑम्व्हेट यांनी या चळवळीवर लिहिलं, म्हणून ती जगाला माहीत झाली.

‘तुला कसं वाटतं?’ हा प्रश्न त्या बायकांना तोवर कोणी विचारला नव्हता, सासरी नाही, माहेरी नाही, दवाखान्यात नाही. तो त्यांनी एकमेकींना विचारला. ‘मी चिडते का?’ इथून सुरुवात झाली आणि ‘अड्डा कोणाचा? हप्ता कोण घेतो? मजुरी दिली त्याच संध्याकाळी दारू गावात कशी येते?’ इथपर्यंत त्या पोचल्या. मन तपासणं आणि गाव तपासणं ही दोन कामं त्यांनी वेगळी केलीच नाहीत. आजच्या प्रश्नांच्या कागदात मला हीच उणीव दिसते. तो माणसाला आत नेतो आणि आतच ठेवतो.

श्रमिक संघटनेतूनच वाहरू सोनवणे आले. ‘गोधड’ हा त्यांचा कवितासंग्रह 1987 चा. व्यासपीठावर बसून खाली बसलेल्यांना त्यांचंच दुःख समजावून सांगणाऱ्यांविषयी त्यांची एक कविता आहे, ती देशभर पोचली. मी प्रशिक्षण द्यायला उभी राहते तेव्हा ती आठवते, आणि मी खाली बसून घेते.

आता आमच्या गटाचं सांगते. दिवाळीनंतर इथली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोली-सुरतेच्या कारखान्यांवर. त्याआधी मुकादम येतो आणि उचल देऊन जातो. गेल्या हंगामाआधी कागदावरचा प्रश्न मी वाचला: या आठवड्यात सर्वांत जास्त राग कधी आला, आणि त्याच्या आधी काय घडलं? एक जण म्हणाली, पोराला मारलं, त्यानं भाकर सांडली म्हणून. मी विचारलं, भाकर सांडायच्या आधी? ती म्हणाली, मुकादम ओट्यावर बसला होता. त्याच्या आधी? नवरा पैसे मोजत होता. त्यानंतर? तो गावात गेला. मग बाकीच्या बोलू लागल्या. उचल आली त्या दिवशी प्रत्येकीच्या घरात कोणीतरी मार खाल्ला होता, कोणीतरी प्यायलं होतं, कोणीतरी जेवलं नव्हतं.

कागदात एक प्रश्न वाढवायचा, असं बायकांनीच ठरवलं: या सवयीतून पैसा कोणाच्या हातात गेला? दुसराही वाढवला, तो एका म्हातारीनं सुचवला: हे मी कोणाला सांगितलं? बहुतेकींना लिहिता येत नाही, म्हणून वसतिगृहातल्या मुली वहीत लिहून घेतात. देवनागरीत, पण देहवाली या त्यांच्या बोलीत, कारण राग मराठीत सांगताना त्या अडखळतात. यंदा उचल दोघांच्या नावानं द्यावी, नवरा-बायको दोघांसमोर मोजावी, असं मुकादमाला सांगायचं त्या वहीवरून ठरलं. काही मुकादमांनी ऐकलं, काहींनी नाही. ज्यांनी ऐकलं नाही त्यांची नावं मुलींनी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहेत.